वापरून झालेला नंबर

कार्यालयातल्या जुन्या फोनचा रिसीव्हर सूनबाईने इतका घट्ट दाबून धरला होता, की तिच्या कानाची पाळी दुखायला लागली. सात वेळा घंटा वाजली, तेव्हा कुठे पलीकडे मामंजींनी फोन घेतला.

“मामंजी, मी बोलतेय. माझा मोबाइल बंद पडलाय, म्हणून ऑफिसातून करतेय. आता नीट ऐका. आधी उठा आणि कॉम्प्युटरची वायर काढा. त्याची आणि इंटरनेटच्या डबीची, दोन्ही. सरळ भिंतीतून उपसा.”

पलीकडून खोकला ऐकू आला, मग कागद चाळल्याची सळसळ.

“नंबर सांगा,” मामंजी म्हणाले.

“अहो, आत्ता नंबर कसला घेऊन बसलात? कुणीतरी आपल्या कॉम्प्युटरमध्ये शिरायला बघतंय.”

“नंबर सांगा, मॅडम.”

लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण सासऱ्यांच्या तोंडून ‘मॅडम’ ऐकायची वेळ सूनबाईवर आज पहिल्यांदाच आली. तिने एका हाताने पर्स टेबलावर उपडी केली. चिल्लर, किल्ल्या, डोकेदुखीच्या गोळ्या, दोन पेनं, एक अर्धवट खाल्लेलं बिस्कीट. नंबरांचा तक्ता काही त्यात नव्हता. तो दुसऱ्या पर्समध्ये असेल, नाहीतर कुठल्यातरी पुस्तकात खूण म्हणून जाऊन बसला असेल. तिला आठवत होता तो एकच नंबर.

“सत्तेचाळीस,” ती म्हणाली.

“तो वापरून झालाय.”

“मामंजी, माझा आवाज ओळखत नाही का तुम्ही? एका बाईच्या जिवाचा प्रश्न आहे. वायर काढा म्हणतेय मी, काही द्या-घ्या म्हणत नाहीये.” तिचा आवाज चढला होता, आणि चढता चढता चिरकला होता.

“नंबराशिवाय इथली कुठलीच गोष्ट मी सांगणार नाही. ठेवतो.”

फोन बंद झाला. तिने पुन्हा लावला, तर दुसऱ्याच घंटेला त्यांनी तोडला. तिसऱ्यांदाही तेच. समोर संस्थेच्या प्रमुख ताई उभ्या होत्या आणि त्यांच्या शेजारी संस्थेचे संगणक सांभाळणारी, जिला सगळे नुसतंच संगणकवाली म्हणत. दोघी तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

“ऐकत नाहीत,” सूनबाई म्हणाली आणि खाली बसली.

झालं होतं ते असं. सकाळी अकरापासून तिच्या मोबाइलला रेंज नव्हती. ती बैठकीत होती. भिंती जाड आहेत, असेल तसंच, म्हणून तिने लक्ष दिलं नाही. पाऊण वाजता संगणकवाली धावत आली. सूनबाईच्या मेलचा पासवर्ड कुणीतरी बदलला होता आणि त्यासाठी लागणारा कोड तिच्याच मोबाइलवर मागवला होता. माझ्या मोबाइलला तर रेंजच नाही, असं सूनबाई म्हणाली, तशी संगणकवालीचा चेहरा उतरला. फोन कंपनीला काहीतरी थाप मारून कुणीतरी सूनबाईचा नंबर आपल्या सिमकार्डावर चढवून घेतला होता. गेले दोन तास तो माणूस तिचं नाव लावून खुशाल वावरत होता.

संस्थेचं काम होतं घर सोडून आलेल्या बायकांना निवारा देण्याचं. निवारा म्हणजे एखादी इमारत नव्हे. शहरभर विखुरलेल्या भाड्याच्या खोल्या होत्या आणि कोणती बाई कोणत्या खोलीत आहे हे फक्त चार जणींना ठाऊक होतं. कार्यालयाला पाटी होती, त्यामुळे तिथे कुणीही येऊन धिंगाणा घालू शकत होता, आणि एकदोघांनी घातलाही होता. म्हणून पत्त्यांची यादी कार्यालयात ठेवायचीच नाही असं ठरलं. ती सूनबाईच्या घरी, बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर होती. त्यावर ती आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायची आणि उरलेल्या दिवशी मामंजी वर्तमानपत्र वाचायचे.

यादीत सव्वीस नावं होती, पण या क्षणी तिघींच्याही मनात एकच होतं, चित्रकलेच्या बाईंचं. शाळेत चित्रकला शिकवणारी ही बाई सात वर्षांच्या मुलीला घेऊन बाहेर पडली होती, आणि आठ महिन्यांत तिला तीन वेळा खोली बदलावी लागली होती. दर वेळी नवरा हुडकत हुडकत दारात हजर. त्याचं मोबाइलचं दुकान होतं. सिमकार्डाच्या उलाढाली म्हणजे त्याच्या डाव्या हाताचा खेळ. आताच्या खोलीत मुलीची शाळा सुरू झाली होती. गेल्याच आठवड्यात चित्रकलेच्या बाईंनी पहिल्यांदा भिंतीत खिळा ठोकून एक चित्र लावलं होतं. “आता इथून हलायचं नाही ना?” असं त्यांनी विचारलं, तेव्हा सूनबाईने “नाही” असं छातीठोक सांगून टाकलं होतं.

“तिला आत्ता हलवली आणि तो रस्त्यात टपून बसलेला असला, तर आपणच त्याला वाट दाखवल्यासारखं होईल,” ताई म्हणाल्या. “नाही हलवली आणि यादी त्याच्या हातात गेलेली असली, तर मात्र...” त्या सूनबाईकडे वळल्या. “तू घरी जा. पोचल्या पोचल्या मला कळव. मी गाडी तयार ठेवते. तोवर तिला काही सांगत नाही.”

“शेजारी कुणाला पाठवता येईल?” संगणकवालीने विचारलं.

“शेजारी दोघंही कामावर. हे पण कारखान्यात, मशीनवर असताना फोन कपाटात असतो. आणि दुसरं कुणी गेलं तरी मामंजी दार उघडायचे नाहीत.”

हे बोलताना तिला त्यांचा राग आला होता आणि रडूही येत होतं.

टॅक्सी मिळाली ती खटारा. प्रत्येक सिग्नलला थांबत, गचके खात ती चालली, आणि मागच्या सीटवर सूनबाई हाताची घडी घालून त्या नंबरांना लाखोली वाहत बसली.

मामंजी रेल्वेत फाटकवाले होते. एकतीस वर्षं एकाच फाटकावर. गाडी यायची झाली की स्टेशन मास्तर फोन करायचे, मामंजी फाटक लावायचे आणि मास्तरांना एक दोन आकडी नंबर सांगायचे. गाडी गेल्यावर फाटक उघडायचं तर मास्तरांनी त्यांना तसाच नंबर द्यायचा. दोघांकडे छापील तक्ते असायचे. नंबर वरून खाली क्रमाने वापरायचा, वापरला की त्यावर रेघ मारायची, वेळ लिहायची. एकदा रेघ पडलेला नंबर पुन्हा चालत नसे. मास्तर आणि मामंजी रोज एकमेकांच्या तब्येती विचारणारे, पण फोनवरचा आवाज कितीही ओळखीचा असला तरी नंबराशिवाय फाटकाला हात लागायचा नाही.

एकदा मात्र लागला होता. सूनबाईला हे नवऱ्याने सांगितलं होतं. फाटकाबाहेर रुग्णवाहिका उभी होती, मास्तर घाईत “उघडा उघडा” म्हणाले, नंबर द्यायचं विसरले आणि मामंजी घ्यायचं. फाटक उघडलं, रुग्णवाहिका गेली, फाटक लागलं. कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. कुणाला कळलंही नसतं. मामंजींनी ड्यूटी संपल्यावर स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्ध अर्ज लिहिला आणि वरिष्ठांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांची त्या वर्षीची पगारवाढ रोखली गेली. घरात सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. रुग्णवाहिकेतला माणूस वाचला, याचा त्यांना आनंद होता आणि अर्ज लिहिल्याचा पश्चात्ताप नव्हता. सूनबाईने ही गोष्ट ऐकली त्या दिवसापासून, वरवर कितीही थट्टा केली तरी, मनातून ती या माणसाला फार मानत आली होती.

वर्षभरापूर्वी संस्थेत एक प्रशिक्षण झालं. तिथून परत आल्यावर तिने घरातल्यांना समोर बसवून सगळं ऐकवलं होतं. पासवर्ड लांबलचक ठेवा, आलेल्या दुव्यावर उगाच बोट मारू नका, कॉम्प्युटर अद्ययावत ठेवा, आणि हल्ली म्हणे माणसाच्या आवाजाचीही हुबेहूब नक्कल करता येते. नवरा जांभया देत होता. मामंजी मात्र शेवटच्या मुद्द्यावर पुढे सरकून बसले.

“म्हणजे फोनवर आपलं माणूस बोलतंय, हे आवाजावरून नक्की सांगता यायचं नाही?”

“नाही.”

“फोनवर नाव दिसतं ना?”

“तेही खोटं असू शकतं.”

“हं,” मामंजी म्हणाले. त्यांना काही विशेष आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वहीच्या कागदावर पट्टीने रेघा मारून तीन तक्ते तयार केले. एक आपल्यासाठी, एक मुलासाठी, एक सुनेसाठी. बाहेरून फोन करून घरात काही उघडायला, द्यायला किंवा सांगायला लावायचं असेल, तर वरचा, रेघ न पडलेला नंबर द्यायचा. मग मुलाने आपल्याच घरी फोन करून कपाटातल्या कागदाचा फोटो मागितला, तरी आधी नंबर. एकदा तो चिडून म्हणाला, “अहो बाबा, मीच आहे.” मामंजी म्हणाले, “असशील. नंबर सांग.”

सूनबाईनेही या प्रकारावर पुष्कळ हसून घेतलं होतं. नुसतं घरात हसली असती तर ठीक होतं. टॅक्सी पुलावर चढली आणि तिला एकदम ते आठवलं.

महिन्यापूर्वी एका शाळेत पालकांसमोर तिने भाषण केलं होतं. विषय हाच, घरचा कॉम्प्युटर आणि घरची माणसं कशी जपायची. भाषण रंगावं म्हणून तिने मामंजींचा किस्सा सांगितला. “मी फोन केला, म्हटलं, मामंजी, जरा कॉम्प्युटर उघडून एक कागद वाचून दाखवा. तर म्हणतात, नंबर! मी म्हटलं, सत्तेचाळीस. तेव्हा कुठे स्वारी खुर्चीवरून हलली.” मामंजींचा आवाज काढून तिने तो असा काही रंगवला, की सभागृहात हास्याचा स्फोट झाला. भाषणाचं चित्रण संस्थेच्या इंटरनेटवरच्या पानावर चढलं आणि हजारो लोकांनी पाहिलं. त्यात तिचा आवाज होता, मामंजींना मारायची हाक होती, बोलण्याची लकब होती. आणि नंबर होता. घर कसं जपावं हे लोकांना शिकवता शिकवता तिने आपल्या घराची किल्ली चारचौघांत वर करून दाखवली होती.

‘तो वापरून झालाय,’ मामंजी म्हणाले होते. झालाय म्हणजे कधी? महिन्यापूर्वी, तिने स्वतः वापरला तेव्हा? की आज, तासाभरापूर्वी, तिच्या आवाजात दुसऱ्या कुणी? म्हातारा माणूस, बहात्तर वर्षांचा. महिन्यापूर्वी मारायची रेघ राहूनही गेली असेल. तिने ड्रायव्हरला जरा लवकर घ्या म्हणून सांगितलं. तो म्हणाला, पुढची गाडी उचलून बाजूला ठेवू का? एरवी तिला हसू आलं असतं.

जिना चढून तिने बेल दाबली. आतून पावलं आली, दाराच्या भिंगापाशी थांबली, आणि कडी निघाली.

“ये,” मामंजी म्हणाले. समोर दिसणाऱ्या माणसाला नंबर लागत नाही.

ती त्यांना ओलांडून बाहेरच्या खोलीत गेली. कॉम्प्युटर काळाठिक्कर होता. त्याची वायर भिंतीतून काढलेली होती, डबीचीही काढलेली होती, आणि दोन्ही वायरींची वेटोळी करून, त्यांना सुतळी बांधून मामंजींनी खुर्चीवर ठेवली होती. बहुधा इतका वेळ ती त्यांच्या मांडीवर असावीत. खुर्ची कॉम्प्युटरकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून मांडलेली होती.

“कधी काढल्यात?” तिने विचारलं.

“बारा वाजून सतरा मिनिटांनी.”

“म्हणजे मी फोन केला त्याच्या आधीच.”

“तू केलास तो दुसरा फोन. पहिल्यानंतर लगेच काढल्या.”

“मग मला सांगितलं का नाहीत? मी इकडे अर्धमेली झाले.”

“कसं सांगणार? नंबर चुकला होता. फाटक लागलंय की उघडं आहे, हे नंबर न देणाऱ्या माणसाला कळवायचं नसतं.” मग त्यांनी समजूत घातल्यासारखं म्हटलं, “बंद करायला नंबर लागत नाही, सूनबाई. शंका आली की बंद करायचं, एवढंच. नंबर लागतो तो उघडायला.”

तिने त्यांच्याच फोनवरून ताईंना कळवलं. ताईंनी आधी संगणकवालीला फोन दिला. तिने मामंजींकडून पहिल्या फोनची हकिगत ऐकली आणि त्यांना चार प्रश्न विचारले. त्या फोनवर दाबायला सांगितलेलं परवानगीचं बटण दाबलं होतं का, हे तीन वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं आणि तिन्ही वेळा “नाही” हे उत्तर घेतलं. मग ती म्हणाली की बटण दाबलं नसेल तर आत कुणी आलेलं नाही, तरी मी संध्याकाळी स्वतः येऊन तपासते, तोवर चालू करू नका. ताई पुन्हा फोनवर आल्या. “म्हणजे बाईंना हलवायला नको?” त्यांनी विचारलं. “नको,” सूनबाई म्हणाली. पलीकडे ताईंनी कुणाला तरी, गाडी परत पाठव, असं सांगितलेलं तिला ऐकू आलं. ती पलंगाच्या कडेला टेकली. तिचे डोळे भरून आले होते. तिने ते लपवले नाहीत.

मामंजींनी तिच्यापुढे एक वही धरली. “नोंद केली आहे. बघून घे. पोलिसांना लागेल.”

फाटकावरच्या वहीसारखी वही. वेळ, कुठून, काय, काय केलं, असे रकाने. अक्षर मोठं, सुटं सुटं. तिने वाचायला घेतलं.

‘१२.०९. फोन. नाव : सूनबाई. आवाज : सूनबाईचा. प्रथम विचारले : मामंजी, जेवलात का? औषध घेतलंत का? गुडघा कसा आहे? नंतर म्हणाल्या, कॉम्प्युटर चालू करा. केला. म्हणाल्या, मी पत्र पाठवलंय ते उघडा. उघडले. खाली परवानगी द्या असे बटण. दाबा म्हणाल्या. इथवर नंबर न घेता केले, ही माझी चूक. नंबर मागितला. ४७ दिला. तक्ता पाहिला. ४७ वर मागच्या महिन्यात रेघ. पुढचा मागितला. हसल्या. म्हणाल्या, आता कुठे आठवणार, मामंजी, तुम्ही पण ना. बटण दाबले नाही. १२.१७ दोन्ही वायरी काढल्या.’

त्याखाली दुसरी नोंद होती.

‘१२.५४. फोन. नंबर अनोळखी. आवाज : सूनबाईचा. प्रथम विचारले : काही नाही. म्हणाल्या, वायरी काढा. नंबर मागितला. ४७ दिला. रागावल्या. काही सांगितले नाही. फोन ठेवला. पुन्हा दोनदा आला, तोडला.’

सूनबाईने दोन्ही नोंदी पुन्हा वाचल्या. ‘काही नाही’ हे दोन शब्द इतर शब्दांइतकेच मोठे आणि सुटे लिहिलेले होते. त्यात कसलाही ठपका नव्हता. मामंजींनी फक्त घडलं ते लिहिलं होतं.

“दुसरी मी आहे, हे तुम्हाला जराही कळलं नाही?” तिने वहीतून मान वर न करता विचारलं.

“आवाज तुझाच होता. दोन्ही वेळा तुझाच. दोघींनी सत्तेचाळीसच सांगितला.” त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. “खरं सांगू का, आवाजावरूनच ठरवायचं असतं, तर मी पहिलीला निवडलं असतं.”

गेल्या कित्येक दिवसांत आपण यांना गुडघ्याबद्दल विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. सकाळी घाईघाईने निघताना ती दारातूनच ‘जेवण झाकून ठेवलंय’ एवढं सांगायची, आणि संध्याकाळी आल्यावर तिच्या डोक्यात सव्वीस बायका असायच्या. तिच्या आवाजात, तिच्या हाकेने एक चोर या माणसाची विचारपूस करून गेला होता, आणि एवढी मायेची विचारपूस ऐकूनही या माणसाने त्याला नंबर विचारला होता. एकतीस वर्षं फाटक सांभाळणं सोपं असेल, असं तिला वाटून गेलं. आजचं ते आठ मिनिटांचं काम सोपं नव्हतं.

“पहिलीला काय सांगितलंत?”

“कशाबद्दल?”

“जेवलात का म्हणाली, त्यावर.”

मामंजी चष्मा पुसतच राहिले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

“जेवलो म्हटलं,” ते म्हणाले. “तेव्हा मला वाटलं, तूच आहेस. कामात असतेस, उगाच तुझ्या जिवाला घोर कशाला? नंबर त्याच्यानंतर मागितला.” मग खाली बघत, “बरं वाटलं होतं जरा.”

ती उठून स्वयंपाकघरात गेली. सकाळी ओट्यावर ठेवलेलं ताट तिथेच होतं. तिने झाकण उचललं. आतलं सगळं जसंच्या तसं होतं, पाण्याचा ग्लासही भरलेला. बारा सतरापासून मामंजी त्या खुर्चीवरून उठलेच नव्हते. उठले ते फक्त तिला दार उघडायला. जागा कुणाच्या तरी ताब्यात दिल्याशिवाय सोडायची नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं.

जेवला का नाहीत, असं विचारायला ती वळली आणि तिथेच थांबली. आज हा प्रश्न तिच्या आवाजात आधीच कुणीतरी विचारून गेलं होतं. तो तिच्या तोंडून निघेना. तिने गॅस पेटवला, सगळं एकेक करून गरम केलं, ताट पुन्हा वाढलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडलं. मग ती बाहेर आली.

“मामंजी, मी इथे बसते. मला चार्ज द्या.”

त्यांनी तिच्याकडे नीट निरखून बघितलं. ती थट्टा करत नाही हे त्यांना दिसलं असावं. त्यांनी चष्मा लावला, वही उघडली, नव्या ओळीवर वेळ लिहिली, दोनला पाच मिनिटं कमी, आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. तिने सही केली. त्यांनी वायरींची वेटोळी उचलून तिच्या हातात दिली.

“दोन आहेत,” ते म्हणाले. “मोजून घे.”

“दोन,” ती म्हणाली.

मग ते गुडघ्यावर हात टेकत आत गेले. नळाचं पाणी वाजलं, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सूनबाई दाराकडे तोंड करून, मांडीवर त्या वायरी घेऊन, ते सावकाश पोटभर जेवेपर्यंत बसून राहिली.